दोन दिवसांत परत

शनिवारी सकाळी ऊन चांगलं कडक होतं. पाऊस मागे सरून आठवडा झाला होता. वारा अगदी पडलेला, आणि कडेचं गवत सुकायला लागल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. अशा दिवशी मी दर वर्षी सीडीची कव्हरं उन्हात मांडतो. चार महिन्यांत कागदावर बुरशी येते, ती झटकून काढावी लागते. या वेळी झटकून परत आत ठेवायची नव्हती. दुकानच रिकामं करायचं होतं.

जामसंड्यात माझी पिक्चर भाड्याने द्यायची लायब्ररी. आधी कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या, मग डीव्हीडी. मुलांची कार्टून आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावीत अशी पिक्चरं, एवढंच मी ठेवलं. आता पुण्याला असलेल्या माझ्या मुलाने, प्रकाशने, गाळा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एकाला दिला. तो माणूस सोमवारी येणार. प्रकाशचं काही चुकलं नाही. "बाबा, आता सगळं फोनवर येतं," असं तो म्हणतो, आणि ते येतंही. माझी अडचण वेगळी. बायको गेल्यापासून मी सकाळी चहा घेतो आणि दुकानात येऊन बसतो. दुकान नसलं तर चहा घेऊन जायचं कुठे? हे मी कुणाला विचारलं नाही.

एका जागी वीस-बावीस वर्षं बसलं की गजाली, म्हणजे किस्से, आपोआप साचतात. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. शनिवारी एकेक कव्हर पुसायला घेतलं आणि त्याच्या मागची गजाल वर आली. शेजारच्या गाळ्यात इनास शिंपी मशीन चालवत होता. तो मधूनमधून विचारी, "पुसतंस की बोलतंस रे तेंच्याशी?"

*

माझी शाळा दुसरीत सुटली. मराठी अक्षरं पुढे जुळवायला शिकलो, इंग्रजी नाही ती नाहीच. आणि कव्हरं सगळी इंग्रजी! म्हणून मी चित्रं बघून लावायचो. माशांचा कप्पा, कुत्र्यांचा कप्पा, अस्वलांचा कप्पा. माणसं जास्त असतील तर ते घरगुती पिक्चर.

एकदा सशाचं कव्हर आलं. पांढरा, गुबगुबीत, कान उभे. लावला सशांच्या कप्प्यात. काजूवाला सदा आपल्या मुलीसाठी घेऊन गेला. चार दिवसांनी परत आला. हातात वही!

"दाजीनू, पुढचो भाग आसा?"

म्हटलं, "एवढा आवडला चेडवाक?"

"चेडू झोपला. मी बगलंय. खाणा किती घालूचा ता सांगितल्यानी, पिंजरो कसो बांदूचो ता पुढच्या भागात सांगतत म्हणे."

ती ससेपालनाची सरकारी सीडी होती. सदाच्या घरी आज पंधरा-सोळा ससे आहेत.

*

सुमती म्हणजे तांडेलाची बायको. नवरा होडीवर, ती बाजारात मासे घेऊन बसते. तिच्या दोन पोरांना मी माशांच्या कप्प्यातलं एक कार्टून दिलं. त्यात मासे बोलतात, गातात, एक छोटा मासा आईपासून चुकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमती टोपली डोक्यावर घेऊनच दुकानात.

"दाजी, काय दिलंस रे माज्या पोरांका? बांगड्याचा तिखला केललंय. एकान तोंड लावूक नाय! धाकटो म्हणता, ह्येची आवस ह्येका शोधता हा!"

मी म्हटलं, "मगे आता काय करूया?"

"काय करूया काय? दुसरी दी. जेच्यात भाजी बोलता, तसली!"

*

कुणी काय नेलं ते लिहून ठेवणं मला जमत नसे. म्हणून मी सीडी द्यायचो आणि रिकामं कव्हर दोरीला चिमट्याने अडकवायचो. दोरीवर प्रत्येक घराची जागा ठरलेली. पहिला चिमटा सदाचा, पाचवा तांडेलाचा, असं. देताना एकच वाक्य बोलायचो, "दोन दिवसांत परत." सीडी आली की कव्हर उतरवायचं. हिशेब संपला.

हे चतुर्थीला मात्र चालत नसे. चतुर्थीला मुंबईची माणसं येतात, एकेका घरात दहा-बारा पोरं. एका वर्षी एक सीडी आठ दिवस परत येईना. कव्हर दोरीवर एकटं लटकतंय. मी सायकल काढली.

सदाकडे गेलो. "सीडी वरच्या घरात दिली. आदी बस, मोदक खा."

वरच्या घरात गेलो. "ती तांडेलाकडे. आदी जेव."

तांडेलाकडे गेलो. "काल सांजची खंय तरी दिलंय बाबा. पानावर बस."

तीन घरांत जेवून, सायकल हातात धरून चालत घरी आलो. वर चढवतच नव्हतं. बघतो तर ओटीवर आमची पोरं टीव्हीसमोर, आणि तीच सीडी लागलेली! बायको तेव्हा होती. म्हणाली, "किती दिवस मागतंय तुमच्याकडे. शेवटी सुमतीकडसून हाडलंय."

आणि वर विचारलं, "जेवतास मा?"

*

सीडी अडकायला लागली की लोक घरीच उपाय करत. कुणी साबण, कुणी दंतमंजन. एका काकीने खोबरेल लावून परत दिली. म्हणाली, "आता बगा कशी सुळसुळीत जाता."

गेली सुळसुळीत. पुढचे चार दिवस ज्याने त्याने विचारलं, दाजी, तुझ्या प्लेअरात काय तळतंस?

*

रोझीनमाई ही इनासची आत्या. तिचा एक पुतण्या गोव्याहून पोर्तुगालला गेलेला. त्याने सुटीला येताना पोरांसाठी एक कार्टून आणलं आणि माझ्याकडे ठेवलं. कोल्ह्याचं होतं. लावलं तर सगळं पोर्तुगीज! पोरं वैतागली.

माई ऐंशीच्या पुढची. म्हणाली, "माका येता ता. माजो बापूस बोलायचो." मग ती रोज दुपारी टीव्हीच्या बाजूला खुर्ची टाकून बसायची आणि मालवणीत सांगायची. कोल्हा विहिरीवर का गेला, म्हातारी त्याला काय म्हणाली, कोल्ह्याने तिला काय कबूल केलं. पोरं हलत नसत. गिऱ्हाइकंसुद्धा उभी राहून ऐकत.

पुढच्या वर्षी तो पुतण्या परत आला. दुकानात उभा राहून दहा मिनिटं त्याने ऐकलं. माई आत पाणी प्यायला गेली तेव्हा माझ्या कानात म्हणाला, "दाजी, ह्या कायच नाय त्येच्यात! त्यो कोल्हो चोर आसा. शेवटाक त्येका पकडतत."

पोरांनी ते ऐकलं. त्याने मग सगळी खरी गोष्ट त्यांना सांगितली, अगदी नीट. सांगून झाल्यावर सदाची मुलगी म्हणाली, "काका, तुमका पोर्तुगीज येणा नाय. माईक येऊ दे."

*

तर शनिवारी. दहा वाजेपर्यंत सगळं पुसून झालं. मी दुकानाबाहेर बाकडं टाकलं, त्यावर सीडी मांडल्या, आणि जो येईल त्याला सांगितलं, "व्हयी ती घेवा. पैसे नको. आता बंद करतंय."

लोक यायचे. कव्हर उचलायचे, उलटसुलट बघायचे, हसायचे. आणि परत ठेवायचे. दुपारपर्यंत एकही सीडी गेली नाही. इनास मशीनवरून बघत होता. ते मला जास्त लागलं. मी मनात म्हटलं, प्रकाश म्हणतो तेच खरं, फुकटही कुणाला नको आहेत. भंगारवाल्याला फोन लावावा.

तेवढ्यात बाजार उरकून सुमती आली. उभ्या उभ्या तिने सगळं बाकडं बघितलं.

"काय गो, घे मगे," मी म्हटलं.

"तशी नको."

"कित्याक?"

"फुकट न्हेली म्हणजे संपला मा सगळा. भाड्यान दी, नेहमीसारकी."

"अगो, तुजो प्लेअर गेल्या चतुर्थीक मोडलो. मीच बगलंय."

"मोडांदे. तू कव्हर अडकव."

मी कव्हर पाचव्या चिमट्याला लावलं. सवयीने तोंडातून गेलं, "दोन दिवसांत परत."

"हाडतंय," म्हणून ती गेली.

तिने वाटेत कुणाला काय सांगितलं, मला माहीत नाही. पण साडेतीनला सदा आला. त्याची मुलगी आता कॉलेजला जाते, तीही आली. खोबरेलवाली काकी आली. रोझीनमाई आता नाही, तिच्या सुनेने कोल्ह्याची सीडी नेली. ज्यांच्या पोरांची लग्नं झाली ती माणसं येऊन अस्वलं आणि कुत्रे घेऊन गेली. फुकट कुणी नेली नाही. प्रत्येकाला मी तेच सांगितलं, आणि प्रत्येकाने "व्हय व्हय" म्हटलं. चिमटे संपले तेव्हा इनासने शिवणाच्या टाचण्या दिल्या.

सहा वाजता बाकडं रिकामं, कप्पे रिकामे आणि दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेली. भंगारवाल्याला द्यायला काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, चला, काम झालं. बाकडं आत ओढलं.

इनासने मशीनवर कापड टाकलं, बाहेर आला, दोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "दाजी, सोमवारी ही सगळी परत देवक येतली. मी मशीन भिंतीक सारतंय. तू खुर्ची माज्या गाळ्यात हाड."