अकरा वाजता विकलेले शेअर

शेवगावला तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा काढून देते, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे फॉर्म, असली कामं. दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या कागदपत्रांसाठी गर्दी करतात, आणि त्या गेल्या की दुकानात माणूस फिरकत नाही. हे जे घडलं ते तशाच रिकाम्या दिवसांत.

माझा धाकटा भाऊ समुद्रातल्या रिगवर वेल्डर आहे. रिग म्हणजे समुद्रात लोखंडी पाय रोवून उभा केलेला मोठा फलाट. त्यावरून तळाला भोक पाडत खाली खाली जातात आणि तेल लागतं का बघतात. आयटीआय करून तो आधी साखर कारखान्यात होता, मग एका ठेकेदाराच्या ओळखीनं पूर्वेच्या किनाऱ्याला, काकीनाड्याकडे गेला. अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस घरी. पोहायला तो आमच्या मळ्यातल्या विहिरीत शिकलेला. हेलिकॉप्टरच्या दारात उभा राहून काढलेला पहिला फोटो त्यानं पाठवला, तेव्हा आई खूश झाली आणि मी मात्र त्याच्या मागे दिसणारं नुसतं पाणीच बघत राहिले.

ज्या कंपनीसाठी ती रिग भोक पाडत होती, तिचे शेअर बाजारात होते. मी घेतले ते कौतुकानं, भाऊ तिथं आहे म्हणून. दुकानात कॉम्प्युटर होताच. माझं बघून तात्यांनी घेतले. तात्या म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर हिशोबाच्या कामात गेल्यामुळे त्यांना आकड्यांची आवड, आणि पुण्याचा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. त्यांचं बघून शेजारच्या काकूनं घेतले. काकू भिंतीपलीकडे पिठाची गिरणी चालवते. नवरा गेल्यापासून एकटीच. तिला शेअर काय हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "तुजा भाऊ जितं हाय तितं आपलं बुडनार न्हाई," एवढंच तिचं म्हणणं.

सकाळी सव्वानऊला बाजार उघडायचा. तात्या त्याआधीच बाकावर येऊन बसलेले असायचे. भाव बघून झाला की ते विचारायचे, भाऊ काय म्हणतो. मी सांगायचे, काही म्हणत नाही. ते खरंच होतं. रिगवर चढताना त्यांच्याकडून लिहून घेतलेलं असतं की इथलं काही बाहेर बोलायचं नाही. भाऊ फोनवर फक्त काय जेवला ते सांगायचा. तात्या त्यातूनही अर्थ काढत. एकदा तो म्हणाला की आज जेवणात गुलाबजाम होते, तर तात्यांनी दिवसभर त्यावर विचार केला, की खाली काहीतरी चांगलं लागलं असणार.

मी हसायचे. पण एका रविवारी भाऊ बोलता बोलता बोलून गेला की आठवडाभरात तळाला पोचू बहुतेक. लगेच म्हणाला, हे कुणाला सांगू नकोस. मी सोमवारी सकाळी तात्यांना सांगितलं. का सांगितलं, ते आजही मला नीट उमगत नाही. सांगण्यासारखं काहीतरी आपल्याकडे आहे, त्याचीच मजा वाटली असेल. तात्यांनी आणखी शेअर घेतले. काकूनंही घेतले, माझ्याच कॉम्प्युटरवर, पिठाचे हात पदराला पुसून.

त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली. भाव वर गेला तरी भीती वाटायची आणि खाली आला तरी. ही माणसं माझ्या तोंडाकडे बघून पैसे लावत होती. मी दुकानात जरा गप्प बसले, तरी तात्या विचारायचे की काही वाईट कळलंय का. मी चेहरा सांभाळायला शिकले. आतून मात्र मला वाटायचं की कंपनीतली बातमी फोडून शेअर घेतले म्हणून कुणीतरी चौकशीला येईल आणि विचारेल, त्या तेलाच्या विहिरीवर तुमचा कोण आहे. अनोळखी नंबर आला की मी उचलायचे नाही.

मग पुढच्या आठवड्यातला तो मंगळवार आला.

भावाची तेव्हा रात्रपाळी होती. पाळी संपली की सातच्या सुमारास त्याचा मेसेज यायचा, "झालं, झोपतो." त्या दिवशी आला नाही. मी डबा भरला, आईला चहा दिला, दुकान उघडलं. नेट गेलं असेल असं मनाला सांगितलं. सव्वानऊला भाव थोडा खाली उघडला. तात्या म्हणाले, होतं असं. दहानंतर तो घसरायला लागला. बातमी कुठेच नव्हती. तात्यांनी स्वतःच्या मोबाईलवर शोधलं, मी कॉम्प्युटरवर शोधलं. काही नाही. आणि आकडा मात्र डोळ्यांदेखत उतरत होता, जिना उतरावा तसा.

माझ्या मनात तेव्हा आलं की बातमी नाही आणि तरी भाव पडतोय, म्हणजे कुठेतरी कुणाला तरी कळलेलं आहे. आणि मला माझ्या भावाचा मेसेज आलेला नाही.

मी भावाला फोन लावला. लागला नाही. रिगवरचा एक नंबर त्यानं अडीअडचणीला म्हणून दिला होता, तो लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तात्या चहा सांगायला म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेले, तेवढ्यात मी भावाच्या मित्राला फोन केला. तो नांदेडकडचा, त्याच रिगवरचा, त्या महिन्यात सुट्टीवर घरी होता. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला. फोन हातात धरूनच बसला असावा.

तो म्हणाला, "ताई, खालून गॅस आलाय म्हणे. माणसं उतरवतायत."

मी विचारलं, आग लागलीय का. त्याला माहीत नव्हतं. किती माणसं उतरली, तेही माहीत नव्हतं. कळलं की सांगतो म्हणाला आणि फोन ठेवला.

भिंतीपलीकडे गिरणी चालू होती. तिच्या आवाजानं माझं टेबल नेहमीच जरासं थरथरतं. मला आठवतंय, मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. समोर स्क्रीनवर तो आकडा अजून उतरत होता. घड्याळात अकरा वाजले होते. भाऊ जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि मी माझे सगळे शेअर विकायला टाकले. विकले गेले. पुरं एक मिनिटही लागलं नाही.

हे मी कसं केलं असेल, असं पुढे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. रडत होते का तर नाही. डोकं अगदी थंड होतं. भीतीनं माणूस गोंधळतो असं मला वाटायचं. माझी भीती तर सरळ बोटांत उतरली आणि तिनं काम करून टाकलं.

तात्या चहा घेऊन आले. काचेचा ग्लास माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारलं, काही कळलं का. मी "नाही" म्हणाले.

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, बातमी काहीच नाही, म्हणजे बाजारातल्या मोठ्या लोकांनी मुद्दाम पाडलाय, अशा वेळीच घ्यायचा असतो. त्यांनी आणखी घ्यायला सांगितले. मी त्यांच्या खात्यातून घेऊन दिले. ते सांगत होते आणि मी टाईप करत होते. मला बोलता आलं असतं. तोंड उघडलं तर पहिलं वाक्य भावाचं निघेल आणि ते निघालं की खरं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. निदान मी स्वतःला तसं समजावलं.

बाराला शटर अर्धं ओढून मी घरी गेले. आई ओट्याशी बसून गवार मोडत होती. तिनं विचारलं, आला का त्याचा मेसेज. मी हो म्हणाले. ती म्हणाली, झोपला असेल मग. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

दुपार कशी गेली ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. दुकानात एक बाई जातीच्या दाखल्यासाठी आली, तिचं नाव मी दोनदा चुकवलं. नांदेडच्या मुलाचा फोन आला नाही. मी केला, तर तो लागेना. एकदा वाटलं आपणच काकीनाड्याला निघावं, पण कसं जायचं, जाऊन कुणाला विचारायचं. दीडच्या सुमारास शेअर दिवसाच्या सगळ्यात खालच्या हद्दीला जाऊन अडकला. त्याच्या खाली जायची परवानगी नसते आणि घेणारा कुणी उरत नाही, त्यामुळे विकायचा म्हटला तरी विकता येत नाही. चारच्या पुढे कंपनीनं दोन ओळी जाहीर केल्या, की विहिरीवरचं काम सुरक्षेसाठी तात्पुरतं थांबवलं आहे आणि सर्व कर्मचारी सुखरूप आहेत. तात्यांनी पहिली ओळ तीनतीनदा वाचली. मी दुसरी वाचत होते, आणि तिच्यावर माझा काही केल्या विश्वास बसत नव्हता. सर्व म्हणजे कोण. भावासारखी ठेकेदाराची माणसं त्यात धरतात की नाही.

साडेपाचला अनोळखी नंबर आला. तो मात्र मी उचलला.

"ताई, मी बरा आहे," भाऊ म्हणाला.

मी खुर्चीवर बसले होते, तिथून खाली जमिनीवर बसले. त्याचा मोबाईल रिगवरच राहिला होता. किनाऱ्यावर आणून सगळ्यांना एका हॉटेलात ठेवलं होतं, तिथून तो बोलत होता. पाळी संपवून अंघोळ करून बाहेर आला आणि भोंगा झाला. वरून झाकलेल्या, जीव वाचवायच्या नावेत, म्हणजे लाइफबोटीत, बसवून त्यांना पाण्यात सोडलं. आत अंधार, उकाडा, सगळे ओकत होते. नावेतून रिग दिसत नव्हती, फक्त तिचा आवाज येत होता. आग लागली नाही. दुपारी एक जहाज येऊन घेऊन गेलं.

मग त्यानं विचारलं, "तुला काही माहीत नव्हतं ना? आई घाबरली नाही ना?"

मी म्हणाले, "आईला नाही सांगितलं. मला सकाळीच कळलं. भाव पडला त्यावरून."

"विकलेस?" त्यानं विचारलं.

"हो."

"किती वाजता?"

"अकराला."

"अकराला मी नावेत होतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. हिशोब लावल्यासारखा बोलला. पुढे म्हणाला, "आईला दे फोन." आई घरी होती, मी दुकानात. घरी जाऊन देते म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस तो शेअर उघडला की लगेच खालच्या हद्दीला जाऊन बसायचा. तात्या आणि काकू अडकून पडले. महिनाभरानं कंपनीनं ती विहीर सिमेंटनं बुजवून सोडून दिली. विकता येऊ लागलं तोवर विकण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. मला दोन भीती लागून राहिल्या. एक, कुणीतरी चौकशीला येईल. दुसरी तात्यांची, की ते माझा स्क्रीन बघतील आणि माझं खातं रिकामं दिसेल. ते आले की मी दुसरंच काहीतरी उघडून ठेवायचे. चौकशीला कुणी आलं नाही. आमच्याएवढ्या लहान माणसांकडे कोण बघतंय.

काकूला मी आठ-दहा दिवसांनी सांगितलं. गिरणीत गेले, ती बाजरी दळत होती, त्या आवाजात सांगितलं. तिनं पट्टा उतरवला, गिरणी थांबली. म्हणाली, "भाऊ जित्ता हाय, लई झालं." मग खाली बघत पीठ सारखं करता करता म्हणाली, "पन एक हाक मारायची हुतीस. भिताडापल्याडच हुते मी."

तेवढंच. त्यानंतरही ती माझ्याशी बोलते, सणाला ताट पाठवते. पण ते वाक्य तिनं एकदाच म्हटलं आणि मला ते रोज ऐकू येतं.

तात्यांना सांगायला मला दोन महिने लागले. भाऊ तोवर घरी आला होता. पहिले चार दिवस तो नुसता झोपला, आणि कुठे ट्रकचा हॉर्न जोरात वाजला तरी दचकून उठायचा. परत जाण्याच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, तात्यांना सांगून टाक, नाहीतर मीच सांगतो. मी त्याच सकाळी सांगितलं, बाकावर त्यांच्या शेजारी बसून. चहाचा ग्लास त्यांनी आणून ठेवला त्याच्या आधी विकले होते, हेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मी घेतले तेव्हा तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि उठले. त्यानंतर ते माझ्या दुकानात आले नाहीत. पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला ते आता बसस्टँडजवळच्या केंद्रात जातात. माझे त्या दिवशी जे पैसे वाचले ते मी एकदा त्यांच्या घरी घेऊन गेले होते. त्यांच्या सुनेनं दार उघडलं आणि आत जाऊन येऊन सांगितलं की ते झोपलेत. सकाळचे दहा वाजले होते.

भाऊ परत गेला. दुसरी कंपनी, दुसरी रिग, त्याच समुद्रात. आईला आम्ही दोघांनी अजून काही सांगितलेलं नाही. रस्त्यात तात्या समोरून आले तर थांबतात, आणि थांबून एकच विचारतात, भाऊ बरा आहे ना. मी बरा आहे म्हणते. ते मान हलवतात आणि पुढे जातात. त्यांची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मला जागचं हलता येत नाही.