अंड्यावरचा ठिपका

यवतच्या हॅचरीत अंडी तपासणाऱ्या त्या मामांचं नाव मी विचारलंच नाही. पाळलेल्या गेकोची, म्हणजे परदेशी पालीची, दोन अंडी खोलगट व्हायला लागली म्हणून मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. अंडी मी रोज न चुकता फिरवत होतो. आमच्या घरी पोल्ट्री होती, मला तेवढंच ठाऊक.

मामांनी हात शर्टाला पुसले. अंडी न उचलता नुसती बॅटरी बाजूला टेकवली. आत तांबड्या शिरा दिसायला हव्या होत्या. दिसलं ते रक्ताचं काळपट कडं.

"जीव धरला व्हता," ते म्हणाले. "आमच्या मशीनमागं फटीत पाल अंडी घालती. ती कोण फिरवायला जातंय? कोंबडीचं येगळं. हे फिरवलं की पिल्लू आतच मरतंय."

मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी दोन्ही अंड्यांच्या माथ्यावर हलकेच एकेक ठिपका दिला. माझ्या जिवात जीव आला.

"म्हणजे जगतील, मामा?"

"न्हाई. पुढच्या येळंला खूण कशी करायची, ते दाखवलं. ठिपका कायम वर राहिला पायजे."

परतीच्या एसटीत शिरूरपर्यंत मी तो डबा मांडीवर धरून बसलो, जराही हलू न देता.