रश्मीताई नक्की कुणाच्या?

चाकणच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात रश्मी नर्स आहे. मशीनमध्ये बोट सापडलेला ऑपरेटर असो की चक्कर आलेला मॅनेजर, ती सगळ्यांना सारखीच दरडावते. मध्यंतरी तिथे संप झाला. कंत्राटी कामगारांची मागणी रास्त आहे, असं ती उघड म्हणाली आणि ऑफिसातल्या लोकांनी तिला लाल झेंड्याची ठरवलं. पुढे गेटवर दगडफेक झाली, एका ड्रायव्हरच्या भुवईला टाके घालावे लागले. हे चूक आहे, असंही ती तितक्याच उघड म्हणाली. मग कामगारांसाठी ती मालकाची झाली.

घर चिंचवडला. सासरे तिथल्याच एका कारखान्यात होते, तेव्हापासूनचं. वस्तीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की पहिली हाक रश्मीला. ती दर रविवारी बुद्धविहारात जाते. गणपतीत पलीकडच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरातही दिवसभर उभी असते. त्यावरूनही बोलणारे बोलतात.

गेल्या पालिका निवडणुकीत त्यांच्या प्रभागातली एक जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाली आणि रश्मीच्या दारात चपलांची गर्दी वाढली.

पहिले आले उद्धवराव. जुन्या गावठाणातले, जमीनजुमल्याचे, सत्तेतल्या पक्षाचे वजनदार पुढारी. त्यांनी चहा घेतला, वस्तीतल्या कामांची आठवण काढली आणि तिकीट देऊ केलं. नाल्याकडच्या नव्या रस्त्याबद्दल सभेत चार शब्द चांगले बोलावेत, एवढीच अपेक्षा होती. रश्मी म्हणाली की रस्ता खरंच चांगला झालाय, ते ती बोलेलच. पण त्यासाठी नाल्याकाठची घरं पाडली, त्या लोकांना आधी दुसरीकडे घरं द्यायला हवी होती, हेही बोलेल.

उद्धवरावांनी कप खाली ठेवला. "ताई, ह्ये तर इरोधकांचं बोलणं झालं. तुमी आमच्या हाय का त्यांच्या, त्ये एकदा ठरवा."

"काका, मी त्या घरांबद्दल बोलतेय."

"त्येच की," असं म्हणून ते उठले.

मग धम्मपाल आला. हा रश्मीचा मामेभाऊ, चळवळीतून विरोधी पक्षात गेलेला कार्यकर्ता, तळमळीचा; त्यानेही आपल्या पक्षाचं तिकीट देऊ केलं. त्याला घरांचा मुद्दा फार आवडला. फक्त रस्त्याचं कौतुक करायचं नाही, आणि त्या मंडळाच्या शिबिरात या वर्षी जायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

"ताई, लोक विचारतात, तू नक्की कुणाची?"

"पाटी लावू का दारावर?" रश्मी म्हणाली. "रस्त्यामुळे ॲम्ब्युलन्स आता वस्तीत येते. ते चांगलं झालं म्हटलं तर तुझी चळवळ बुडते का?"

धम्मपाल दुखावला. ताई बदलली, असं तो तिच्याच नवऱ्याला, बुद्धरत्नला, जिन्यात सांगून गेला.

त्या वैतागातच रश्मीने अपक्ष अर्ज भरला. बुद्धरत्नने रजा टाकली, कारखान्यातल्या दोघी-तिघी मदतीला आल्या. दारोदार फिरताना लोक पाणी देत, बसवून घेत, आणि प्रत्येक घरात तोच प्रश्न येई: ताई, तुम्ही चांगल्या आहात, पण मनातून कुठल्या? ती पाण्याबद्दल, घरांबद्दल, दवाखान्याबद्दल बोलायची. समोरचे मान हलवायचे आणि जाताना आवाज खाली आणून पुन्हा तेच विचारायचे. एका निवृत्त मास्तरांनी तर तिला मधल्यामध्ये लटकणारी म्हटलं, आणि हे प्रेमाने सांगतोय, असंही म्हणाले.

ती पडली. उद्धवरावांचा पक्ष जिंकला, धम्मपालचा पक्ष थोडक्यात हरला. धम्मपालची माणसं म्हणू लागली की सत्ताधाऱ्यांनीच तिला मतं खायला उभं केलं होतं. उद्धवरावांकडचे म्हणत होते, ही उभी नसती तर आमचं मताधिक्य दुप्पट झालं असतं.

दोन दिवसांनी घरी भाजी निवडताना सासूबाईंनी, केसरबाईंनी, सांगून टाकलं की त्यांचं मतही रश्मीला नव्हतं. प्रभागात चार जागा, म्हणून चार बटणं दाबायची होती. त्यांनी चारही आपल्या नेहमीच्या चिन्हाची दाबली.

रश्मीला आधी खरंच वाटेना. "आई, माझं नाव वाचलं नाही का तुम्ही?"

"वाचलं ना बाई. पण हात तिकडंच जातो. जन्मभर तिकडंच गेला. सून म्हणून तू हायेसच की माझी, त्याला बटण कशाला पाहिजे?"

रश्मीने पुढ्यातली मेथी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ जोरात सोडला.

नाल्याकाठची माणसं अजून नातेवाइकांकडेच राहत होती. रश्मी नव्या नगरसेविकेच्या कार्यालयात गेली. तुम्ही तर विरोधातल्या, असं तिथल्या माणसाने ऐकवलं, तरी ती बाकावर बसून राहिली. शेवटी नगरसेविका स्वतः नाल्यावर आली, लोकांचं ऐकून घेतलं, पावसाळ्याआधी भाड्याच्या खोल्यांची सोय लावते म्हणाली, आणि पुढच्या महिन्यात बऱ्याच जणांची लावलीसुद्धा.

पण नाल्यावर दोघींचा एकत्र फोटो निघाला होता. तो त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वस्तीच्या ग्रुपवर आला, खाली मजकूर: रश्मीताईंचा अखेर पक्षप्रवेश, हार्दिक अभिनंदन.

धम्मपालचा लगेच फोन आला. "निदान मला तरी सांगायचं होतंस, ताई."

ती खुलासा करायला लागली, अर्ध्यात थांबली. "रात्रपाळी आहे, मी कंपनीच्या बसमध्ये चढतेय," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.