मालक नाही म्हणाला नव्हता

अंबडच्या बसस्टँडवर दादानं माझी पेटी टपावर चढवली आणि खाली उतरून म्हणाला, "मिरगाच्या आत ये." निघताना आबांनीही तेच बजावलं होतं, "पेरायला हात पाहिजेत. बाकी वर्षभर तू कुठं बी राहा."

तेव्हा ते जमायचं. मी महाबळेश्वरला एका हॉटेलात भांडी घासायला निघालो होतो आणि तिथली हॉटेलं पावसाळ्यात बंद असायची. मे सरला की आम्ही भिंतींना गवताची झापं बांधायचो, भट्ट्या विझवायचो आणि गाड्या धरायचो. घनसावंगीकडच्या आमच्या काळ्या रानाला माणसं लागायची ती नेमकी तेव्हाच. दसऱ्याला पुन्हा वर.

पुढं मी मुख्य आचारी झालो. मालक कधी जाहिरात देत नसे. मला म्हणायचा, "तुझ्या गावची पोरं आण." माझ्या शब्दावर पोरं यायची. दादाचा एकुलता एक मुलगा संजय त्यांतच आला आणि तंदूरवर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. पोरं मला चिडवायची, "काका, तुम्ही आता कांदे चिरा. भट्टी संज्याला देऊन टाका." मी हसायचो. आतून मात्र धास्तावलो होतो. संजय होता म्हणून माझ्या हाताची मंदावलेली चाल मालकाला दिसत नव्हती.

मग रस्ते सुधारले. लोक पाऊस बघायलाही येऊ लागले. झापं बांधणं बंद झालं, हॉटेल बारमाही झालं. मालक मला म्हणाला, "पावसाळ्यात अर्धी माणसं इथंच थांबव. गावी कोणाला सोडायचं ते तूच ठरव."

संजय दोनदा विचारायला आला. "काका, बाबा वाट पाहून राह्यले. मालकाशी बोला ना."

"बोललो. न्हाई म्हणतो."

आणि दादाला फोनवर सांगितलं, "पोराचंच मन न्हाई. करमतंय त्याला इथं."

दादानं त्या वर्षी एकट्यानं पेरलं. पुढच्या गुढीपाडव्याला रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला दिलं आणि संजयशी बोलणं टाकलं. मालक सोडत नाही, असं संजय सांगत राहिला. दादानं विश्वास ठेवला माझ्यावर.

गावच्या पोरांनो, तुमच्यापैकी जे अजून हॉटेलांत आहेत, त्यांना पुढचं ठाऊक आहे. आता गावच्या माणसाचा शब्द कोणी विचारत नाही. ठेकेदार परराज्यातली पोरं हंगामापुरती आणतो, काउंटरवर कोर्स केलेली मुलं बसतात. मी थकून पाचगणीला लेकीकडे आलो. दिवाळीची गर्दी ओसरताच संजयलाही काढलं. बायको-पोरांना घेऊन तो माझ्याकडे आला. "गावी जावं म्हणतो, काका. पण बाबा दारात उभं करतील का?"

पाडव्याला बटईचं वर्ष बदलतं. एकदा शब्द दिला की रान पुन्हा वर्षभर दुसऱ्याच्या हाती. म्हणून शेवटी मी पाडव्याच्या आदल्या दिवशी गाव गाठलं. बटईदार रामभाऊ ओट्यावर येऊन बसलाच होता.

"ये नामा," दादा म्हणाला. "बस."

मी बसलो नाही. "मालक न्हाई म्हणाला नव्हता, दादा. मी म्हणालो. संजूला यायचं होतं."

रामभाऊच्या हातातला अडकित्ता थांबला. दादानं अंगणाकडे तोंड फिरवलं. त्यानं ओरडावं असं मला वाटत होतं.

"उद्या येतो मी," रामभाऊ उठत पुटपुटला.

"नको येऊ. औंदा रान घरीच करायचं," दादा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "त्याला सांग, बैल विकले. ट्रॅक्टरवाल्याला आत्ताच बोलावं लागंल. जल्दी ये म्हणावं."

वहिनी दाराशी डोळे पुसत उभी होती. दादा उठला. आत जाता जाता तिला म्हणाला, "पाव्हण्याला वाढ."

मी जेवलो.

संजय आता तिथंच आहे, पेरणी त्यानंच केली. मीही अधूनमधून जातो, दादा परतीची गाडी कधीची आहे ते विचारतो. त्या घरात पूर्वी मी टोपल्यातली भाकरी आपल्या हातानं घ्यायचो. आता कोणी वाढेपर्यंत थांबतो.