तयार झाडं

यांना लकवा झाला त्याला सहा महिने होऊन गेले होते, तेव्हा मी किलवणीच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत झाडं विकत घ्यायला गेले. रोपं नव्हेत, झाडं. वाढलेली, फळं धरलेली.

कल्पना माझी नव्हती. यांचा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची, गुजराती, पंचविशीतली. यांचा उजवा हात वरखाली करता करता ती एकदा म्हणाली, "आंटी, अंकल पूरा दिन दीवार देखते हैं. सामने कुछ लगाओ ना." आमच्या डोकमर्डीच्या घरापुढे कंपाउंडच्या आत बऱ्यापैकी मोकळी जागा होती. हे धाग्याच्या फॅक्टरीत मेंटेनन्सला होते. रिटायर झालो की बाग करू, असं म्हणत त्यांनी ती तशीच ठेवली होती. व्हरांड्यातल्या खुर्चीतून बांधकामातली उरलेली खडी दिसायची आणि तिच्यामागे भिंत.

रोपं लावली असती तर फळ यायला चार-पाच वर्षं गेली असती. त्या दिवसांत आमच्या घरात वर्ष हा शब्द कुणी काढत नव्हतं. डॉक्टर आठवड्यांच्या हिशेबाने बोलायचे. पुण्याहून मुलीचा फोन यायचा, तीही "या आठवड्यात कसं आहे?" एवढंच विचारायची. म्हणून मी तयार झाडं बघायला निघाले.

त्या काळात मला काही वाटत नव्हतं, हे इथेच सांगून टाकते. लोकांना मी खंबीर वाटायचे. शाळेत शिकवायचे, सातवीच्या वह्या तपासायचे, घरी येऊन यांना भरवायचे, अंग पुसायचे, कूस बदलायचे. रडू म्हणून आलं नाही. पहिल्या दिवशी हॉस्पिटलात कागदांवर सह्या करताना माझं अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. ते बघून तेवढं मला कसंतरी झालं होतं. पुढे तेही होईनासं झालं.

नर्सरीवाला पन्नाशीचा होता. नंदुरबारकडून फॅक्टरीत कामाला आलेला आणि मग ते सोडून या धंद्यात पडलेला.

"कोणतं झाड पाहिजे, ताई?"

"मोठं असेल ते."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "कपाट घ्यायला आलात का? आंबा आहे, चिकू आहे, पेरू आहे. घरात कोणाला काय आवडतं?"

मला आठवेना. सत्तावीस वर्षं मी बाजारातून फळं आणली, चिरली, यांच्यापुढे ठेवली. त्यातलं हे आवडीने काय खायचे, ते काही केल्या आठवेना. मी चिकूच्या झाडाजवळ उभी होते, म्हणून चिकू म्हटलं. मग त्याने मोहोर आलेला एक आंबा दाखवला. त्यालाही हो म्हटलं.

"घरी कोण कोण?"

"आम्ही दोघंच. मिस्टरांना लकवा झालाय. बोलता येत नाही त्यांना."

"मूळचे कुठले?"

"धुळ्याकडचे."

"मग तर आमचेच झाले," तो म्हणाला. "काही वांधा नाही ताई. रविवारी घेऊन येतो."

रविवारी टेम्पोत आडवी घातलेली दोन झाडं आली, मागून एक छोटी क्रेन. मुळांभोवती मातीचा भलामोठा गोळा, त्यावर गोणपाट आणि वरून सुतळी आवळलेली. नर्सरीवाल्याने आंब्याचा सगळा मोहोर आधीच खुडून टाकला होता. चिकूवरची कच्ची फळंही तो माझ्यासमोर एकेक करून तोडू लागला. पांढरा चीक त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळत होता.

"फळं आलेली पाहिजेत म्हणून तर मोठं झाड घेतलं," मी म्हणाले.

"आता त्याला स्वतःला जगायचंय, ताई. फळं कुठून पोसेल? या वर्षी काही मागू नका त्याच्याकडे."

बुंध्यावर एका बाजूला चुन्याची खूण होती. जुन्या जागी ती बाजू पूर्वेकडे होती, म्हणून इथेही ती पूर्वेलाच आली पाहिजे, असं तो म्हणाला. क्रेनने उचललेलं झाड खड्ड्यावर लटकत असताना त्याने ते दोनदा फिरवायला लावलं. हे खुर्चीतून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं.

काम आटपल्यावर नर्सरीवाला हात धुऊन व्हरांड्यात आला, यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "काय भाऊ, बरं शे ना?"

यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. आवाज आला नाही, पण ते हसले होते.

ती अहिराणी होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्यांच्या बोलीला हसले होते. मी रत्नागिरीची, मला 'आहे'च्या जागी तो 'शे' ऐकून गंमत वाटायची. त्यानंतर हे माझ्याशी कायम पुस्तकातल्यासारखं मराठी बोलले. अहिराणी फक्त भावांशी, फोनवर, तेही बाहेर जाऊन. सहा महिने मी, डॉक्टर आणि ती व्यायामवाली मुलगी, आम्ही सगळे यांच्याशी मराठीत, हिंदीत, गुजरातीत बोलत होतो. यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. कळलं, आणि मी चहा ठेवायला आत गेले.

झाडांना एक दिवसाआड भरपूर पाणी घालायचं होतं. मार्चअखेर शाळेत परीक्षा सुरू झाल्या आणि माझे तीन-चार दिवस हुकले. एका दुपारी मी घरी आले, चप्पल काढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पानी."

मी आत जाऊन पेला भरून आणला. यांच्या ओठांना लावला. त्यांनी मान फिरवली.

"पानी," ते पुन्हा म्हणाले आणि डावा हात उचलून अंगणाकडे केला. चिकूची पानं खाली लोंबत होती, आळ्यातली माती भेगाळली होती.

मी पेला खाली ठेवला, पाइप लावला आणि नळ सोडला. दोन्ही आळी भरेपर्यंत उभी राहिले. हे बोलले, असं मी मनात म्हणून बघितलं. वाक्य बरोबर होतं. त्यामागून काहीच आलं नाही.

संध्याकाळी व्यायामवाली मुलगी आली तेव्हा तिला सांगितलं. "अंकल बोले?" म्हणत तिने यांचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. मी तिला रुमाल दिला. कुणीतरी रडतंय ते बरं झालं, असं मला वाटलं.

मे महिन्यात आंब्याची पानं कुरकुरीत झाली. गळाली मात्र नाहीत, तशीच चिकटून राहिली. नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने नखाने चिकूची साल खरवडली, खाली हिरवं होतं. आंब्याची खरवडली, खाली तपकिरी. आणखी वर, आणखी खाली, सगळीकडे तेच.

"हे गेलं, ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "माझंच चुकलं. मोहोरावरचं झाड हलवायला नको होतं. काढून दुसरं लावून देतो."

मग त्याने यांना विचारलं. हे आंब्याकडे बघत होते. मग अडखळत म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

आता याचा अर्थ काय घ्यायचा, यावर आमची जुंपली. दुसरं झाड नको, असं ते म्हणतायत, असं माझं म्हणणं. "नाही ताई, हेच राहू दे म्हणतात," नर्सरीवाला म्हणाला. "असं आम्ही कधी म्हणतो, मला माहीत आहे." मी त्याच्याशी भांडत होते. नंतर लक्षात आलं, कित्येक महिन्यांत मी कुणाशी आवाज चढवून बोलले नव्हते. हे आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, पण स्वतः खुलासा करत नव्हते.

वाळलेला आंबा आम्ही ठेवला. त्याच्यावर मी पावसाळ्यात घोसाळ्याचा वेल चढवला. हे हळूहळू काठी धरून चिकूपर्यंत जाऊन यायला लागले. शब्द वाढले, वीसेक झाले असतील, त्याहून जास्त नाही. त्यातले बरेचसे मला नर्सरीवाल्याकडून समजून घ्यावे लागले. तो महिन्यातून एकदा झाड बघायच्या निमित्ताने यायचा आणि यांच्याशी बोलत बसायचा. व्यायामवाल्या मुलीचं लग्न झालं, ती नवसारीला गेली.

पुढच्या हिवाळ्यात चिकू धरला. बरीच फळं वटवाघळांनी नेली, थोडी आमच्या हाती लागली. ती तांदळात पिकायला ठेवली. पहिला पिकला तो मी संध्याकाळी वह्या तपासायला व्हरांड्यात बसताना सोबत आणला. यांनी तो डाव्या हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि माझ्या मांडीवरच्या वहीवर ठेवला. मी सोलला. अर्धा कुस्करून त्यांना भरवला, अर्धा मी खाल्ला. गोड होता. मी उठून आणखी एक आणला.