पट्ट्यावरचा माणूस

“पडद्याकडं नका पाहू साहेब, हाताकडं पाहा.”

नागपूरच्या सदर भागातल्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकाने हे सांगितलं, आणि माझा संशय तिथेच पक्का झाला. मी करमणूक कर खात्यात निरीक्षक होतो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. शहरात ही जपानी यंत्रं नवीनच होती. यंत्रात फेरफार करून हा माणूस लोकांना मुद्दाम हरवतो, असा निनावी अर्ज आमच्याकडे आला होता.

चाळिशीचा, किडकिडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खेळणाऱ्याच्या मागे उभा राहायचा आणि तो हरला की वहीत काहीतरी टिपायचा. जिंकला तर पेन उचलायचा नाही. तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं?

मी वही मागितली. त्याने लगेच दिली. ‘उडी उशिरा.’ ‘घाबरला.’ ‘डावीकडे पाहिलंच नाही.’ पानंच्या पानं तेच. मला ती सांकेतिक भाषा वाटली.

“हे कशासाठी?”

“लोकं कुठं मरतेत ते पाहून राहिलो, साहेब.”

यंत्रावर हात ठेवून तो एका जपानी माणसाबद्दल बोलायचा, जणू सख्खा मोठा भाऊच. “हा खेळ ज्यानं बनवला त्याचं नाव मले मालूम नाही. पण दिलदार आहे गा तो. आपण चुकलो का पुढं रस्ता थोडा मोकळा ठेवते.” यंत्र उघडून उघडून त्या माणसाचं डोकं कसं चालतं ते तो दोन वर्षं शिकत होता. मी अहवालात लिहिलं : परदेशी व्यक्तीशी संबंध असल्याचा संशय.

पुढच्या भेटीत कोपऱ्यात चादर टाकलेलं एक यंत्र दिसलं. “हे काय लपवलंय?”

“लपवलं नाही. माह्यं आहे. अजून पुरं झालं नाही.”

त्याने चादर काढली. पडद्यावर एक पट्टा सरकत होता, त्यावरून कोळसा येत होता, आणि बोटाएवढा माणूस त्यातले दगड वेचत होता. मी खेळलो. माझ्या माणसाचा हात पट्ट्यात अडकला. लाल दिवा लागला, पट्टा थांबला. माणसाने हात सोडवून घेतला, घाम पुसला आणि पुन्हा उभा राहिला.

“मग मी हरलो कुठे?”

“माह्या खेळात माणूस मरत नाही, साहेब. पट्टा थांबते.” त्याने चादरीची घडी घातली. “मी कोळशाच्या पट्ट्यावर नोकरी केली नं, तिथं माह्या जोडीदाराच्या वक्ताले नाही थांबला.”

मी पेन खिशात ठेवायला हवं होतं. पण यंत्राच्या आत दोन चिपांवर काळ्या चिकटपट्ट्या दिसल्या. मी ते सर्किट जप्त केलं.

“न्या साहेब. फक्त त्या पट्ट्या काढू नका. खेळ त्याच्यातच लिहून आहे, उजेड लागला का सारं विसरते ते.”

काढू नका म्हटल्यावर मी काढणारच. कचेरीत पोचताच नखाने सोलून पाहिलं. खाली काचेची इवलीशी खिडकी, बस. सर्किट माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीत पडून राहिलं. नागपूरचं ऊन त्यावर दीड महिना पडत होतं.

अर्ज खोटा निघाला. मी स्वतः सर्किट परत नेलं. त्याने ते जोडलं. पडद्यावर नुसत्या आडव्यातिडव्या रेघा. पट्टा नाही, माणूस नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“कागदावर असेल ना लिहिलेलं?” मी विचारलं.

“अर्धं आहे. बाकीचं करत करत सुचलं होतं.” आणि त्याने यंत्र बंद केलं.

काही महिन्यांनी गेलो तर त्या जागी ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. तो बायकोच्या माहेरी, मौद्याला गेल्याचं कळलं. एका रविवारी मी बसने मौद्याला गेलो. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“ते नाहीत. मुंबईले गेले, काम पाहाले.”

“परत कधी येतील?”

“काहून? तुमचं काय काम होतं?”

सांगण्यासारखं काम नव्हतं. तरी तिने ओट्यावर बसवून चहा दिला. ती दारातच उभी राहिली, नजर माझ्यावरच.

“त्याईले काय नाव सांगू?”

मी नाव सांगितलं नाही. कप खाली ठेवला आणि बसस्टँडकडे चालू लागलो. बऱ्याच अंतरावरून वळून पाहिलं, तर ती अजून दारातच उभी होती, मी कोण असेन याचा अंदाज घेत.