दुपारची वीज आणि मालती काकींचा पहारा

गच्चीवर सोलर पॅनल बसवलेल्या माझ्या तमाम गिरणगावकरांनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. ऊन आपलं, गच्ची आपली, पॅनल आपली... आणि भर दुपारी जास्तीची वीज तयार झाली की ती कवडीमोलानं तारेतून निघून जाते. तीच वीज आपल्याच इमारतीखालचा दुकानदार चढ्या दरानं विकत घेतो.

देशाच्या वीजबाजारात दर पंधरा मिनिटांनी भाव बदलतो. मोठमोठे उत्पादक तिथे सौदे करतात, आपल्या गच्चीला मात्र त्या बाजाराच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत. हे मी गेली काही वर्षं भेटेल त्याला ऐकवतोय... सोसायटीतले लोक मला पाहून जिना बदलतात, तेही ठाऊक आहे मला.

या उन्हाळ्यात लालबागच्या आमच्या गल्लीत अखेर संधी मिळाली. पुष्कळ हेलपाटे आणि भांडणं झाल्यावर वीज कंपनीनं एक प्रयोग मान्य केला. गच्चीवरची जास्तीची वीज आधी गल्लीतल्या दुकानांना, दोघांनाही परवडेल अशा मधल्या दरानं... उरली तरच बाहेर. अट अशी की मसाल्याचा हंगाम संपेपर्यंत ही दुपारची वीज गल्लीतच खपलेली दिसली पाहिजे. नाहीतर प्रयोग बंद.

सगळी भिस्त होती खालच्या सुनंदा वहिनींच्या मसाला कांडपावर. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं. पण वीजबिलानं त्या इतक्या मेटाकुटीला आल्या होत्या की हंगाम झाला की गाळा सोडते, असं मालकाला सांगून बसल्या होत्या. प्रयोग फसला असता तर माझी नुसती जिरली असती... त्यांचं दुकान गेलं असतं.

वहिनींनी दुपारचा कांडपाचा दर उतरवला, तसा बोर्ड लावला. कोणी फिरकलं नाही. गच्चीवर ऊन रटरटतंय आणि खाली यंत्रं गप्प... संध्याकाळी ऑफिसं सुटली की पुन्हा तीच रांग, तीच महाग वीज.

मग मी सोसायटीच्या आवारात सभा घेतली. गिरण्यांच्या भोंग्यापासून देशाच्या ग्रीडपर्यंत सगळं आलं त्यात. टाळ्या कडकडून पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कांडपात जाऊन बघतो, तर एक मांजर झोपलेलं.

शेवटी बायांनाच विचारलं, तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडची बाई आपला मसाला परक्याच्या हाती सोडत नाही. भाजलेल्या मिरच्या-धण्यांचा डबा यंत्रात रिकामा होण्यापासून पुन्हा भरेपर्यंत ती समोर उभी असते. आपल्या बेडगी मिरचीत शेजारणीची तिखट संकेश्वरी मिसळली तर वर्षभर आमटी बोंबलते. मग नोकरी करणारी बाई दुपारी येणार कशी? दर कितीही पाडा... माझ्या बाजारात भाव होता, पण भरवशाचं माणूस नव्हतं.

हे बोलणं चाललेलं असताना तिसऱ्या मजल्यावरच्या मालती काकी आल्या. पॅनलमुळे मिरच्या वाळवायची जागा गेली म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, टोमणे तेवढे चालू होते. त्या सरळ म्हणाल्या, "भाषण पुरे झाला. ह्या दुकान बंद झाला तर आमी काय पाकिटातलो मसालो खावचो?"

मग त्यांनी फर्मान काढलं. कामावर जाताना डब्यांवर नावं घालून डबे त्यांच्या दारात ठेवायचे, दुपारी त्या स्वतः यंत्रासमोर बसणार. ज्यांना भरवसा नसेल त्यांनी आत्ताच तोंडावर सांगावं, असंही म्हणाल्या. काकी भांडकुदळ आहेत हे अख्खी गल्ली सांगेल, त्या लबाड आहेत असं कोणी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून यंत्रासमोर खुर्ची, खुर्चीत काकी, नाकाला पदर. एका घरचा मसाला झाला की यंत्र झाडून-पुसून घेतल्याशिवाय पुढचा डबा उघडायचा नाही. मी कौतुकानं पुन्हा ग्रीडबद्दल काही बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "ग्रीड मगे सांभाळ, आदी ह्यो डबो उचल." मी उचलला.

गेल्या आठवड्यात वीज कंपनीचे इंजिनिअर तपासणीला आले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना शिंका सुरू झाल्या... तेव्हाच मी समजलो, बाजी मारली. त्यांनी मीटर पाहिला, गच्चीवर जाऊन आले, पुन्हा मीटर पाहिला. भर दुपारी आमची वीज गल्लीच्या बाहेर जातच नव्हती. त्यांनी मला विचारलं, हे जमवलंत कसं? मी तोंड उघडणार, तोच काकींनी त्यांना बजावलं, "ह्याका इचारू नकात, सांज होईत."

काल आमच्या गल्लीला कायमची परवानगी मिळाली. वहिनींनी गाळा ठेवत असल्याचं मालकाला कळवून टाकलं. मी आयुष्यात पुष्कळ सभा गाजवल्या, पण असा विजय कधी चाखला नव्हता. विखुरलेली छोटी मागणी एकत्र बांधणाऱ्या मध्यस्थाला तज्ज्ञ लोक जडजड नावं देतात... आमच्याकडे तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. काकी, तुमचे उपकार मोठे आहेत.

पण मित्रांनो, एका गल्लीला मिळाली तर ती मेहेरबानी असते. सगळ्यांना मिळाला तरच तो हक्क. म्हणून एकच काम करा. तुमच्या सोसायटीच्या येत्या सभेत ठराव मांडा, की गच्चीवरची जास्तीची वीज आधी आपल्याच गल्लीत विकण्याचा हक्क आम्हाला हवा... आणि मंजूर झालेला ठराव सह्यांनिशी वीज नियामक आयोगाकडे पाठवून द्या.